लघुग्रह-विचलन (विज्ञानसाहित्यातील)

पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या लघुग्रहाची किंवा धूमकेतूची कक्षा माणसाने हेतुपुरस्सर बदलून आघात टाळणे, हा विज्ञानकादंबरीतील एक रूढ कथाविषय. आघात होऊ देणाऱ्या किंवा तो दैवयोगाने टळणाऱ्या कथांचा गट याहून जुना व मोठा आहे. त्यांचा विचार येथे तुलनेपुरताच केला आहे.

उगम : ही कल्पना प्रथम कोणी मांडली याविषयी एकमत नाही. सर्वांत जुना दाखला म्हणून बहुधा इंग्रज कवी लॉर्ड बायरनचे नाव घेतले जाते. पृथ्वीचा नाश करायला धूमकेतू आलाच, तर माणसे वाफेच्या बळावर खडक उपटून, पुराणातल्या राक्षसांप्रमाणे डोंगरच त्याच्यावर फेकतील, अशा अर्थाचे उद्गार त्याने पीसा येथील मुक्कामात, म्हणजे १८२१-२२ च्या सुमारास काढल्याचे सांगतात. अडचण अशी की, हे उद्गार बायरनच्या लेखनात नाहीत. ते त्याचा पीसा येथील परिचित टॉमस मेडविन याने बायरनच्या मृत्यूनंतर १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संभाषणांत येतात आणि मेडविनच्या विश्वासार्हतेवर बायरनचा स्नेही हॉबहाउस याने तेव्हाच आक्षेप घेतला होता. तरीही हे उद्गार संपूर्ण बनावट मानण्याचे कारण दिसत नाही. पृथ्वी पूर्वी अनेकदा उद्ध्वस्त झाली, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्यूव्ह्येचे मत बायरनला परिचित होते व ‘केन’ या नाट्यकाव्याच्या प्रस्तावनेत (१८२१) त्याने त्याचा उल्लेखही केला आहे. शब्द मेडविनचे आणि विचार बायरनचा, असे धरणे अधिक सयुक्तिक. अर्थात एका उद्गाराला कथाविषयाचा उगम म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. एडगर ॲलन पो याच्या १८३९ मधील संवादरूप कथेत आणि एच. जी. वेल्सच्या १८९७ मधील कथेत माणसे आकाशातून आलेले संकट केवळ सोसतात, ते परतवण्याचा विचार करीत नाहीत.

एकोणिसाव्या शतकातील कथांत धोका बहुधा धूमकेतूचा असतो, लघुग्रहाचा नसतो, याचे कारण खगोलशास्त्रीय आहे. पृथ्वीची कक्षा ओलांडणारा अपोलो हा पहिला ज्ञात लघुग्रह १९३२ मध्ये सापडला. त्यामुळे लघुग्रहाच्या विचलनाची कथा त्यापूर्वीची असण्याचा संभव कमी.

इकॅरस प्रकल्प : १९६७ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विद्यार्थ्यांना एक अभ्यास दिला गेला. इकॅरस हा सुमारे दीड किमी. व्यासाचा लघुग्रह जून १९६८ मध्ये पृथ्वीवर आदळणार असे गृहीत धरून उपाय सुचवायचा होता. प्रत्यक्षात तो ६० लाख किमी.हून अधिक अंतरावरून जाणार होता व तसाच गेला. सहा सॅटर्न-५ अग्निबाणांतून प्रत्येकी १०० मेगाटनांचे अण्वस्त्र पाठवण्याची योजना विद्यार्थ्यांनी आखली. तिचा अहवाल १९६८ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. कादंबरीकारांच्या ‘शेवटच्या घटकेचा बाँब’ या साच्याला आकडेमोडीचा आधार मिळाला तो येथे, असे म्हणता येईल.

वेगबदल आणि मुदत : कादंबरीची शास्त्रीय पारख येथे होते. लघुग्रहाला आडवा धक्का देण्यापेक्षा त्याच्या गतीच्या दिशेने किंवा तिच्या विरुद्ध धक्का देणे बहुधा फायद्याचे ठरते. कारण मग त्याचा परिभ्रमणकाळ बदलतो आणि फरक प्रत्येक फेरीत साचत जातो. साचलेले अंतर ढोबळमानाने वेगबदल व कालावधी यांच्या गुणाकाराच्या तिप्पट असते. दहा वर्षे आधी सेकंदाला १ सेंमी. एवढा बदल केला, तर अंतर सुमारे ९,५०० किमी. पडते; पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. आहे. दहाच दिवस हाती असतील, तर फरक साचायला फेऱ्या मिळत नाहीत व ही तिप्पट लागू पडत नाही; मग एका त्रिज्येइतके सरकवायलाही सेकंदाला सात मीटरांहून अधिक बदल लागतो. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जवळून जाणाऱ्या वस्तूला आत ओढत असल्याने दोन्ही उदाहरणांत प्रत्यक्ष गरज थोडी जास्तच. पृथ्वी आपल्या व्यासाइतके अंतर सुमारे सात मिनिटांत कापते. म्हणजे लघुग्रहाला भेटीच्या ठिकाणी तेवढा उशीर करायला लावणे, एवढेच मूळ काम असते. पण वीस वर्षे आधी दिलेल्या हलक्या ढकलण्यात नाट्य कमी, म्हणून लेखक मुदत आखडती घेतात आणि मग त्यांना बाँबखेरीज साधन उरत नाही. बाँबसुद्धा लघुग्रहाच्या पोटात नव्हे, तर पृष्ठभागापासून काही अंतरावर फोडणे अनेक अभ्यासक पसंत करतात. किरणोत्साराने वरचा थर वाफ होऊन उडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने उरलेला गोळा ढकलला जातो. लघुग्रह फोडल्यास मोठे तुकडे त्याच वाटेने येण्याची भीती असते.

आर्थर सी. क्लार्क याने ही शिस्त बऱ्याच अंशी पाळली. त्याच्या ‘रान्देव्हू विथ रामा’ (१९७३) मधील ‘स्पेसगार्ड’ या टेहळणी यंत्रणेचे नाव नासाच्या १९९२ च्या अहवालाने उचलले. कल्पनेने शास्त्राला नाव पुरवल्याचे असे उदाहरण विरळा. ‘द हॅमर ऑफ गॉड’ (१९९३) मध्ये काली नावाच्या लघुग्रहाला इंजिनाने हळूहळू ढकलण्याचा बेत आहे. त्याहूनही सौम्य असा उपाय, म्हणजे यानाच्या केवळ गुरुत्वाकर्षणाने लघुग्रह ओढणे, नासाचे अंतराळवीर लू आणि लव्ह यांनी २००५ मध्ये मांडला.

प्रत्यक्ष प्रयोग : २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट यान डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या, सुमारे १५० ते १६० मी. व्यासाच्या डिमॉर्फॉसवर धडकवण्यात आले. या जोडीपासून पृथ्वीला धोका नव्हता. डिमॉर्फॉसचा ११ तास ५५ मिनिटांचा परिभ्रमणकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. उडालेल्या ढिगाऱ्याच्या प्रतिक्रियेमुळे डिमॉर्फॉसला मिळालेला एकूण संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) यानाच्या संवेगाच्या साडेतीन पटींच्या आसपास असावा. ही पट गृहीत धरलेल्या घनतेवर अवलंबून आहे.

मराठीत : जयंत नारळीकर यांची ‘धूमकेतू’ ही कथा महत्त्वाची. तीत अण्वस्त्राने धूमकेतू वळवण्याची मोहीम आणि तोच टळावा म्हणून घरी मांडलेला यज्ञ यांची सांगड आहे.

राजकीय बाजू : जे तंत्र लघुग्रह पृथ्वीपासून दूर लोटते, तेच तो पृथ्वीकडे वळवूही शकते, हा पेच खगोलशास्त्रज्ञ सेगन व ऑस्ट्रो यांनी १९९४ मध्ये मांडला. शिवाय विचलन अपुरे पडल्यास आघाताची जागा एका देशातून दुसऱ्या देशात सरकते. तेव्हा ढकलायचे कोणी व कोणाच्या संमतीने, हा वाद उभा राहतो. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने अण्वस्त्रे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत वा अवकाशात तैनात करण्यास मनाई केली असून बचावासाठी त्यात वेगळा अपवाद नाही.