मढवलेला पंख

धायरीच्या एका शेडमध्ये सुताराच्या दोन घोड्यांच्या आधाराने विमानाचा पंख नाकावर, म्हणजे पुढच्या कडेवर, उभा केलेला होता. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला काका. मधे पांढरं कापड, त्यावर काकांची सावली तेवढी हलताना दिसत होती. त्यांनी हातभर लांबीची सुई आरपार सारली आणि बरगडीला, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या पट्टीला, घासून ती माझ्या बोटांपाशी बाहेर आली.

"आली का गं?"

"आली, काका."

"आता बरगडीच्या पलीकडून परत दे. ओढ, पण हिसका देऊ नकोस."

मेण लावलेला दोरा करकरत गेला, गाठ बसली. पुढचा टाका सहा सेंटिमीटरवर. दोन माणसांच्या, घरी बांधलेल्या छोट्या विमानाच्या एका पंखाला असे अडीचशेच्या वर टाके पडतात. काकांनी तरुणपणी ग्लायडर दुरुस्त केलेत. ते 'कापड लावणं' म्हणत नाहीत, 'पंख मढवणं' म्हणतात. तबला मढवतात तसंच. मला तोच शब्द बरोबर वाटतो.

कापड कडांना चांगल्या गोंदाने चिकटवलेलं असतं, मग हे शिवणकाम कशाला? पंख विमानाला उचलतो त्यात खालून मिळणाऱ्या रेट्यापेक्षा वरच्या बाजूला कमी झालेल्या दाबाचा वाटा मोठा असतो. म्हणजे उडताना वरचं कापड सतत बरगड्यांपासून सुटून वर जायला बघतं. ढोबळ हिशेब करून पाहू. विमानाचं वजन ६०० किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर धरलं, तर प्रत्येक चौरस मीटरवर ५० किलोंचा भार. बरगड्या ३० सेंटिमीटर अंतरावर आणि पंखाची रुंदी १.३ मीटर असेल, तर एका बरगडीच्या वाट्याला साधारण २० किलो येतात. उंची न सोडता ६० अंश कलून वळण घेतलं की भार दुप्पट होतो, म्हणजे ४० किलो. वीस टाक्यांत तो वाटला की टाक्याला दोन किलो. वाऱ्याचा धक्का बसला तर आणखी. आकडा लहान दिसतो, पण एक टाका तुटला की त्याचं ओझं शेजारच्या दोघांवर जातं. म्हणून प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ मारतात, एक तुटला तरी ओळ उसवत नाही. दोऱ्याने कापड कापलं जाऊ नये म्हणून बरगडीवर आधी एक पट्टी बसवतात. विमानाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोताच्या वाटेत टाके आणखी जवळ घ्यावे लागतात.

चिकटवण्यातली चूक किती महाग पडते, याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. अमेरिकेतले स्टीव्ह विटमन हे जन्मभर विमानं बांधणारे, शर्यती जिंकणारे गृहस्थ. २७ एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी, स्वतः बांधलेल्या विमानातून पत्नीसह जाताना पंखावरचं कापड सुटलं. त्यातून पंख आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती फळी) थरथरू लागले आणि विमान हवेतच मोडलं. दोघेही गेले. कापड नीट चिकटवलं गेलं नव्हतं, असं तपासात निघालं. इतक्या अनुभवी हातांचं असं झालं, म्हणून काका प्रत्येक कड नखाने उचकटून बघतात तेव्हा मी घाई करत नाही.

राइट बंधूंनी १९०३ साली पंखांना साधं सुती मलमल लावलं होतं. पुढे सुती किंवा लिननच्या कापडावर डोप नावाचं लुकण चढवू लागले. ते वाळताना आकसतं आणि कापड ताणून धरतं. आपलं पुष्पक हे छोटं भारतीय विमान १९५८ साली उडालं तेही कापडीच, आणि फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. आता मात्र पॉलिएस्टर वापरतात, आणि त्याला ताण येतो तो इस्त्रीने.

लक्ष्मी रस्त्यावरून पॉलिएस्टर आणून चालेल का, असं मी काकांना सुरुवातीला विचारलं होतं. चालत नाही. दुकानातलं कापड कारखान्यातच तापवून आटवलेलं असतं, नाहीतर पहिल्याच इस्त्रीत आपला शर्ट धाकट्या भावाला द्यावा लागला असता. विमानाला मागावरून उतरलेलं, न आटवलेलं कोरं कापड लागतं. पॉलिएस्टरचा धागा बनवताना तो मूळ लांबीच्या कित्येक पट ओढतात. त्यातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या सरळ होतात आणि थंड झाल्यावर तशाच अडकून पडतात. उष्णता दिली की त्यांना हालचालीला वाव मिळतो आणि त्या पुन्हा वेटोळं करू लागतात. वेटोळं झालेली साखळी आखूड, म्हणून कापड आखूड. १२० अंश सेल्सियसला ते ठरावीक इतकंच आटतं आणि थांबतं. मग कितीही वेळ इस्त्री फिरवा, पुढे सरकत नाही. आणखी ताण हवा तर तापमान वाढवायचं. शेवटचा हात १७७ अंशांच्या आसपास. त्याच्या फार वर गेलात तर कापड उलट सैलावतं, अडीचशेच्या आसपास वितळतं.

म्हणून घरातली इस्त्री घेतली तरी तिच्या तापमानाच्या चकतीवर भिस्त ठेवायची नाही. आम्ही तळाला थर्मामीटर लावून चकतीवर स्वतःच्या खुणा केल्या. पहिला हात फिरला तेव्हा चुण्या डोळ्यांदेखत विरघळल्या. हा ताण भलता जोरकस असतो. एकाच बाजूने घाईने आटवलं तर मागची नाजूक कड वाकते, म्हणून दोन्ही अंगं थोडी थोडी घ्यायची.

ताणलेल्या कापडावरचा लेप मात्र दसऱ्यानंतर. पुण्याच्या पावसाळी हवेत हे काम बिघडतं. लेपातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि लेपावर पांढरे ढग उमटतात. तसा लेप कमजोर होतो. आणि लेपाशिवाय गत्यंतर नाही, कारण उन्हातले अतिनील किरण पॉलिएस्टरच्या साखळ्या तोडतात. त्यासाठी ॲल्युमिनियमची पूड घातलेला चंदेरी थर देतात, रंग त्याच्यावर.

तो थर पुरा झाला की नाही, हे काका रात्री बघतात. शेडमधले दिवे बंद करून पंखाच्या पोटात एक बल्ब सोडायचा. गेल्या शनिवारी बाहेरून सगळा पंख काळाकुट्ट दिसला, फक्त सातव्या बरगडीपाशी सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके चमकत होते. काकांनी खडूने त्यांच्याभोवती गोल काढले.