१९८४ चा ऑप्टिमस की नंतरचा री-इश्यू? पैसे देण्याआधी एवढं बघा

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला जवळपास सारखेच फोटो पाठवले, लाल केबिन, निळे पाय, करडा ट्रेलर, आणि तिघांचा प्रश्न एकच, दादा हा ओरिजिनल आहे का? ऑप्टिमस प्राइम म्हणजे ट्रान्सफॉर्मर्समधला ट्रकचा रोबो होणारा खेळण्यातला नायक. तिघांचेही ऑप्टिमस प्राइम कंपनीचेच होते, नकली एकही नव्हता, पण १९८४-८५ च्या काळातला त्यातला एकच निघाला, बाकी दोन री-इश्यू, म्हणजे कंपनीनेच नंतर पुन्हा काढलेले. आणि घोळ इथेच होतो, कारण आपल्याकडे ओरिजिनल हा शब्द "नकली नाही" या अर्थानेही वापरतात आणि "पहिल्या काळातला" या अर्थानेही, विकणारा पहिल्या अर्थाने खरं बोलतो आणि घेणारा दुसऱ्या अर्थाने पैसे देतो.

दोन्ही इतके सारखे का दिसतात तर डिझाइन एकच आहे. हे खेळणं मुळात जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन मालिकेतलं, तिकडे बॅटल कॉन्व्हॉय नावाने आलं होतं. अमेरिकेच्या हास्ब्रो कंपनीने टाकाराच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या मालिकांमधली खेळणी उचलली, त्यांना नवीन नावं दिली, आणि १९८४ मध्ये अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स सुरू झालं. मग २००० च्या आसपास टाकाराने तोच ट्रक पुन्हा काढला, २००२ ला हास्ब्रोने टॉईज आर अस या दुकानांसाठी कमेमोरेटिव्ह सिरीज काढली, आणि तेव्हापासून अधूनमधून तो येतोच आहे. त्यामुळे आकार बघून, रंग बघून, फोटोवरून "वाटतं जुना" असं म्हणून काहीच ठरत नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते कोरलेल्या सालावरून. प्लास्टिकवर बारीक अक्षरात टाकाराचं नाव, जपान, आणि ऐंशीच्या दशकातलं साल दिसलं की लोक लगेच व्हिंटेज म्हणून मोकळे. पण ते कॉपीराइटचं साल असतं, तुमच्या हातातला पीस कधी बनला त्याचं नाही, आणि जुन्या मोल्डवरून, म्हणजे साच्यावरून, पुन्हा माल काढला की ते अक्षरही पुन्हा येऊ शकतं. "जपान" हा शब्दसुद्धा कधीकधी नुसता कंपनीच्या नावापुढचा पत्ता असतो. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या एका विक्रेत्याकडून असाच घेतला, जाहिरातीत त्या कोरीव अक्षरांचाच क्लोजअप फोटो होता आणि मला तेवढ्यानेच खात्री पटली, शिपिंग आणि कस्टम्स धरून जुन्याची किंमत मोजली, बॉक्स उघडला आणि केबिनच्या मागचे पाईप बघून पोटात खड्डा पडला.

तर ते पाईप. ट्रकच्या केबिनमागे दोन्ही बाजूंना सायलेन्सरचे उभे पाईप असतात ना, चकचकीत क्रोमचे, ते जुन्या पीसवर चांगले उंच असतात, छपराच्या वर उठून दिसतात. २००२ च्या हास्ब्रोवाल्यात लहान मुलांच्या सुरक्षेसाठी ते आखूड केले, बुटके दिसतात, एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितले की पुन्हा चुकत नाही. पण उलटं धरू नका, उंच पाईप म्हणजे जुनाच असं नाही, कारण टाकाराने जपानसाठी काढलेल्या री-इश्यूत ते पूर्ण उंचीचे आहेत. म्हणजे आखूड दिसले तर १९८४ चा नाही हे पक्कं, उंच दिसले तर तपास पुढे चालू.

पुढचा तपास म्हणजे झीज, आणि मला स्वतःला यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे. माझ्याकडचा जुना पीस उन्हात तिरपा धरला की पाईपच्या टोकाला क्रोम उडून खालचं प्लास्टिक दिसतं, बरोबर जिथे रूपांतर करताना बोट लागतं तिथेच, स्टिकरच्या कडा किंचित उचलल्यात आणि त्याखाली बारीक काळी धूळ बसलीये, रूपांतर करताना जॉइंट सैल लागतो. चाळीस वर्षं कुणीतरी खेळलंय ते असं दिसतं. री-इश्यूचा क्रोम आरशासारखा, जॉइंट कडक, स्टिकर सपाट. अर्थात कपाटात बंद राहिलेला जुना पीस नवा दिसू शकतो आणि स्टिकर तर आता नवे छापूनही मिळतात, म्हणून एका खुणेवर कधीच निर्णय घेऊ नका.

रब साइनबद्दल पण खूप गैरसमज आहे. तो काळा चौकोनी स्टिकर, अंगठ्याने घासून गरम केला की आत ऑटोबॉटचं, म्हणजे ऑप्टिमसच्या गटाचं, चिन्ह उमटतं, तो १९८५ पासून लावायला लागले. म्हणजे १९८४ च्या सुरुवातीच्या पीसवर तो नसणारच! तरी लोक "रब साइन नाही म्हणजे नकली" असं सांगून खऱ्या जुन्याचा भाव पाडतात, वाईट वाटतं.

बॉक्स असेल तर मागच्या बाजूचे रोबोट पॉइंट्स, म्हणजे बॉक्सवर छापलेली कुपनं, बघा, तेव्हाची मुलं ते कापून कंपनीला पाठवायची, त्यामुळे जुन्या बॉक्सला चौकोनी भोक असणं नेहमीचं आहे. त्याने किंमत कमी होते पण जुनेपणाच्या बाजूने ती चांगली खूण आहे. मुठी, बंदूक, ट्रेलरमधली छोटी रोलर गाडी, पेट्रोल पंपाची नळी, हे सगळं आहे का ते वेगळं विचारा, मुठी तर हटकून हरवलेल्या असतात कारण त्या काढून बाजूला ठेवाव्या लागतात. आणि एक धोका, हरवलेले भाग पुष्कळदा री-इश्यूमधून भरून काढतात, मग अंग जुनं आणि मुठी नव्या असा मिश्र पीस हातात येतो.

आता घ्यायचा कोणता, तर शेल्फवर रोज बघायला, मुलांसोबत फिरवायला री-इश्यू उत्तम, मी मनापासून सांगतो, त्यात कमीपणा काही नाही, मजबूत आहे आणि तुटला तर जीव जात नाही. जुना घ्यायचा तो त्या काळाची वस्तू हातात हवी म्हणून. विक्रेत्याकडे चार फोटो मागा, केबिन बाजूने म्हणजे पाईपची उंची कळेल, क्रोमचा क्लोजअप, कोरलेली अक्षरं पूर्ण वाचता येतील असा एक, आणि सगळे सुटे भाग एका कागदावर मांडून एक. माझ्या त्या तीन जणांपैकी दोघांनी हे मागितले, एका विक्रेत्याने तासाभरात पाठवले, दुसऱ्याने जाहिरातच काढून टाकली.