राणी मुंगी मोठी कशानं होते: अंड्यामुळे की संगोपनामुळे?

मृगाचा पाऊस झाला की परभणीकडच्या गावांत संध्याकाळी दिव्याखाली पंखांचा खच पडतो. त्यात वाळवी बरीच असते. पण कंबर बारीक, मिशा मध्येच मोडल्यासारख्या आणि पुढचे पंख मागच्यांहून मोठे दिसले, तर ती मुंगी. त्यातली टपोऱ्या पोटाची मादी म्हणजे होणारी राणी.

‘चांगलं खायला मिळालं म्हणून ती मोठी झाली,’ असं सर्रास म्हटलं जातं. हे अर्धंच खरं आहे. मादी अळीची राणी होणार की कामकरी, हे बहुतेक जातींत मुख्यतः खुराकावर ठरतं. पण एक राणी दुसरीपेक्षा मोठी का, हा प्रश्न वेगळा. आणि तो महत्त्वाचा, कारण मोठी राणी एकटी उडून जाते, स्वतःला बिळात कोंडून घेते आणि अंगातल्या चरबीवर व निकामी झालेल्या पंखांच्या स्नायूंवर पहिली पिल्लं वाढवते. लहान राणीला ते झेपत नाही. ती बहुधा अनेक राण्यांच्या वारुळातच राहते.

एका रानात कापूस जोमात आला, तर श्रेय बियाण्याचं की जमिनीचं, हे बियाण्याची अदलाबदल करून पेरल्याशिवाय कळत नाही. संशोधकांनी तेच केलं: एकराणी वारुळातली अंडी अनेकराणी वारुळातल्या कामकऱ्यांकडे दिली, त्यांची यांच्याकडे.

आल्प्समधल्या ‘फॉर्मिका सेलिसी’ मुंगीत निकाल अंड्याच्या बाजूनं लागला. सांभाळणाऱ्या कोणत्याही असोत, एकराणी वारुळाच्या अंड्यांतून मोठ्या राण्या निघाल्या. मला यातली सर्वांत नवलाची गोष्ट वाटते ती ही, की ती अंडी मुळात आकारानं लहान होती! तरीही ‘अंड्यातून आलं’ म्हणजे ‘जनुकांतून आलं’ असं धरू नये. आईनं अंड्यात भरलेली द्रव्यंही अंड्यासोबतच जातात, आणि नुसत्या अदलाबदलीनं ही दोन कारणं वेगळी होत नाहीत.

दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पसरलेल्या लाल आग्या मुंगीत, ‘सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा’त, मात्र संगोपनाचा ठसा उघड दिसला. अनेक राण्यांच्या वारुळात वाढलेली तरुण राणी कमी वजनाची राहते. तिथल्या राण्यांच्या गंधद्रव्यांचा तिच्या वाढीवर दाब येतो. पण म्हणून जनुकं बाजूला पडत नाहीत. याच मुंगीत ‘जीपी-९’ नावाचं जनुक आहे, आणि ते ज्या गुणसूत्रावर आहे त्यावरच्या, एकत्रच पुढच्या पिढीत जाणाऱ्या ६०० हून अधिक जनुकांच्या गठ्ठ्याचं वर्णन २०१३ साली प्रसिद्ध झालं. ‘जीपी-९’चे ‘मोठा बी’ आणि ‘छोटा बी’ असे दोन प्रकार आहेत. दोन्ही प्रती ‘मोठा बी’ प्रकारच्या असलेल्या राण्या वजनानं भारी भरतात. अनेकराणी वारुळात अशी राणी अंडी घालायच्या बेतात आली, की एक प्रत ‘छोटा बी’ असलेल्या कामकरी मुंग्याच तिला मारून टाकतात.