गोंडोलिनला दत्तक गेलेल्या तलवारी

टॉल्किनच्या 'हॉबिट' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली गॅन्डाल्फची तलवार ग्लॅमड्रिंग शत्रू जवळ आले की चमकते की नाही यावर दर काही वर्षांनी परत भांडणं होतात आणि प्रत्येक वेळी निम्मे लोक सिनेमा धरून बोलतात, निम्मे पुस्तक धरून, म्हणून म्हटलं मागचा इतिहास एकदा नीट लिहून ठेवावा. गॅन्डाल्फ कोण, अंगठी कुणाची वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय.

१९३७ साली 'द हॉबिट' छापून आलं. त्यात ट्रोल मंडळी उजाडल्यावर दगड होतात आणि त्यांच्या गुहेत नाण्यांची मडकी, कपडे, हाडं असल्या पसाऱ्यात तीन पाती सापडतात. दोन मोठ्या तलवारी आणि एक सुरा, जो बिल्बो या छोट्या हॉबिटच्या हातात गेल्यावर तलवारीएवढा वाटतो (हीच पुढची स्टिंग). मोठ्या दोन्हींवर काहीतरी कोरलेलं असतं पण ते ना गॅन्डाल्फला वाचता येत, ना बुटक्यांचा म्होरक्या थोरिनला. पुढच्याच प्रकरणात रिव्हेंडेलचा स्वामी एलरॉन्ड ते सहज वाचतो आणि सांगतो की ही ऑर्क्रिस्ट, ही ग्लॅमड्रिंग, गोंडोलिनच्या राजाच्या कमरेची, गॉब्लिनांशी (म्हणजेच ऑर्कांशी) झालेल्या युद्धांसाठी घडवलेली. आता १९३७ च्या वाचकाला गोंडोलिन म्हणजे काय हे कळायचा काही चान्सच नव्हता, कारण त्याबद्दल एक ओळसुद्धा तोवर छापली गेलेली नव्हती.

प्रोफेसरांकडे (फॅन लोक टॉल्किनला असंच म्हणतात, मीही तेच म्हणेन) मात्र होती. गोंडोलिन हे एल्फ लोकांचं (प्रोफेसरांच्या जगातले अमर लोक) लपलेलं नगर, ते पडल्याची गोष्ट त्यांनी १९१६-१७ मध्ये लिहिली, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईतून ट्रेंच फीवर घेऊन परत आल्यावर. १९२० मध्ये ऑक्सफर्डच्या एका कॉलेजच्या निबंध मंडळात ती वाचून पण दाखवली. मग कागद कपाटात. त्यानंतर घरच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टीत जुन्या तलवारी लागल्या तेव्हा त्यांना हे तयार घराणं आठवलं आणि तलवारी त्या घराण्यात दत्तक देऊन टाकल्या. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. हॉबिट लिहिताना कुणी सहा हजार वर्षांचा हिशोब मांडला नव्हता. तो पुढे मांडावा लागला आणि बरेचसे घोळ तिथूनच आलेत.

नुसता विचार करा, गोंडोलिन जळून खाक झालं, त्यानंतर तो अख्खा प्रदेशच समुद्रात गेला, मग दुसरं युग गेलं, तिसऱ्याचीही जवळजवळ तीन हजार वर्षं गेली, आणि एवढं होऊन ही जोडी एकत्रच राहिली आणि तीन ट्रोलांच्या गुहेत कोपऱ्यात उभी. एलरॉन्ड यावर एवढंच म्हणतो की कुणीतरी लुटल्या असतील आणि ट्रोलांनी त्या लुटारूंना लुटलं असेल. आपल्या गावाकडे जुनी मूर्ती कुठून आली विचारलं की जसं उत्तर मिळतं तसं.

बाहेरून काय काय आलंय ते थोडक्यात. प्रोफेसर शिकवायचे जुनं इंग्रजी. बेओवुल्फमध्ये नायक राक्षशिणीच्या पाण्याखालच्या गुहेत जातो, तिथल्याच शस्त्रांतली राक्षसांनी घडवलेली एक तलवार उचलतो, तिला मारल्यावर गुहेत उजेड पडतो, पातं रक्ताने बर्फासारखं वितळतं, उरते फक्त मूठ, आणि त्या मुठीवर रुनी अक्षरात कुणासाठी बनवली ते कोरलेलं असतं. गुहा, परक्याची तलवार, उजेड, मग जाणत्या माणसाने कोरलेलं बघणं. आता यातलं किती मुद्दाम घेतलं आणि किती नकळत आलं याच्यात मी पडत नाही, पण सलग वाचलं की ट्रोलांची गुहा डोळ्यासमोर येतेच.

दुसरा धागा फिनलंडचा. कालेवाला या तिथल्या महाकाव्यात (पहिली आवृत्ती १८३५, वाढवलेली १८४९) कुलेर्वो आपल्या तलवारीलाच विचारतो की माझं रक्त प्यायला आवडेल का, आणि तलवार हो म्हणते. प्रोफेसर विद्यार्थी असताना १९१४ मध्ये त्याच गोष्टीचं पुनर्लेखन करत होते. तिच्यातून पुढे तूरिन हा त्यांचा शोकांत नायक आला, आणि तूरिनची काळी तलवार. तिच्याकडे परत येतो, कारण चमकण्याच्या भांडणात ती फार अडचणीची साक्षीदार आहे.

नावांचं म्हणाल तर ग्लॅम म्हणजे एल्फ भाषेत कालवा, आरडाओरडा, आणि ऑर्कांच्या झुंडीला त्याच शब्दावरून नाव पडलं, तेव्हा ग्लॅमड्रिंग म्हणजे त्या गोंगाट करणाऱ्यांना ठोकणारी. ऑर्क्रिस्ट म्हणजे त्यांना चिरणारी. गॉब्लिन लोक मात्र सरळ बीटर आणि बायटर म्हणतात, म्हणजे ठोकणारी आणि चावरी, आणि मला विचाराल तर ही नावं जास्त खरी वाटतात, कारण ज्यांच्या अंगावर पडली त्यांनी ठेवलेली आहेत. स्टिंगला तर एल्फ नाव नव्हतंच, बिल्बोने मिर्कवुडच्या जंगलात राक्षसी कोळी मारला तेव्हा आपल्या भाषेत ठेवलं. सिनेमावाल्यांनी पात्यावर कोरायला म्हणून 'माएग्नास' असं एल्फ नाव तयार केलं आणि आता तेच मूळ नाव असं खुशाल सांगितलं जातं.

अजून एक छोटी गंमत, पहिल्या आवृत्तीत एलरॉन्ड या तलवारी नोम लोकांच्या म्हणतो. प्रोफेसरांच्या डोक्यात ग्रीकमधला बुद्धी, ज्ञान या अर्थाचा शब्द होता पण इंग्रजी वाचकाला नोम म्हटलं की बागेतला टोपीवाला बुटका दिसतो. शेवटी १९६६ च्या आवृत्तीत ते काढून पश्चिमेचे उच्च एल्फ केलं.

आता मुख्य भांडण. २००१ च्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सिनेमात मोरियात, म्हणजे बुटक्यांच्या ओसाड भुयारी नगरात, ऑर्क येतात तेव्हा बिल्बोच्या वारसाची, फ्रोडोची, स्टिंग निळी होते आणि गॅन्डाल्फच्या हातातली ग्लॅमड्रिंग साधं लोखंड. २०१२ पासूनच्या हॉबिटच्या सिनेमांत पण तेच, बिल्बोची चमकते, ऑर्क्रिस्ट आणि ग्लॅमड्रिंग नाही. त्यामुळे सिनेमातून आलेल्या लोकांचा पक्का समज आहे की चमकणं ही फक्त स्टिंगची खासियत.

पुस्तक उघडलं तर हा समज एका मिनिटात पडतो. १९३७ च्याच हॉबिटमध्ये गॉब्लिनांच्या गुहेत सगळे दिवे विझल्यावर एक तलवार स्वतःच्या उजेडात चमकते आणि त्यांचा राजा मरतो. ती ग्लॅमड्रिंग. लेखक तिथे वर समजावून पण सांगतो की गॉब्लिन जवळ असले की ती रागाने पेटायची, आणि आता त्यांचा राजा मारल्याच्या आनंदात निळ्या ज्वाळेसारखी झालीय. (राग, आनंद! लोखंडाला! हा सूर नंतर लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये पार गेला.) १९५४ च्या पहिल्या खंडात तर मोरियात शिरल्यावर स्पष्टच लिहिलंय की स्टिंग किंवा ग्लॅमड्रिंग, दोन्हींवर काही चमक दिसत नव्हती म्हणून जरा धीर होता, कारण फार जुन्या काळच्या एल्फ लोहारांचं काम असल्यामुळे ऑर्क जवळ असले की या तलवारी थंड उजेड द्यायच्या. दोन्हींचं नाव घेऊन सांगितलंय. यापेक्षा सरळ वाक्य अख्ख्या पुस्तकात दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल मिळायचं नाही.

तरी सिनेमाच्या बाजूने बोलणारे काही अगदीच चूक नाहीत. पडद्यावर चमक हा खुणेचा दिवा आहे, तो लहान, घाबरलेल्या माणसाच्या हातात शोभतो. गॅन्डाल्फच्या हातात आधीच उजेडाची काठी असते, त्यात दुसऱ्या हातात निळी ट्यूबलाइट दिली की मोठे लोकही लाइटसेबर म्हणून हसले असते. मला हे पटतं. फक्त मग ते निर्मात्यांनी केलेला बदल म्हणून सांगा, तलवारीचा गुणधर्म म्हणून नको.

पण पुस्तकवाल्यांनीही फार ताणू नये, कारण त्या १९५४ च्या वाक्यातलं कारण बघा. एल्फ लोहारांचं काम म्हणून चमकतात. मग जुन्या काळच्या प्रत्येक एल्फ तलवारीने चमकायला पाहिजे, बरोबर? इथे ती काळी तलवार उभी राहते. अँग्लाखेल, आकाशातून पडलेल्या लोखंडाची, एओल नावाच्या एल्फ लोहाराने घडवलेली, म्हणजे अटी सगळ्या पूर्ण. ती बेलेग नावाच्या एल्फ योद्ध्याकडे येते. बेलेग आपल्या मित्राला, तूरिनला, ऑर्कांच्या तळावरून बेशुद्ध अवस्थेत उचलून जवळच्या खळग्यात आणतो आणि त्याच तलवारीने त्याच्या बेड्या कापायला लागतो. अंधार, वादळ येतंय. पातं घसरतं, तूरिनच्या पायाला टोचतं, तो जागा होतो, समोर तलवार घेतलेली आकृती दिसते, ऑर्कच छळायला आला असं वाटून झटापट होते आणि बेलेग त्याच तलवारीने मरतो. कोण मेलं हे तूरिनला कळतं कधी, तर वीज चमकते तेव्हा.

म्हणजे ऑर्कांचा तळ हाकेच्या अंतरावर, एल्फने घडवलेली तलवार उपसलेली, आणि तोंड दिसण्याइतकाही उजेड नाही! स्टिंगसारखी ती चमकली असती तर निळ्या उजेडात बेलेगचा चेहरा दिसला असता आणि पुढची सगळी शोकांतिका तिथेच संपली असती. त्या गोष्टीला अंधारी तलवार हवीच होती. तेव्हा चमक हा सगळ्या एल्फ तलवारींचा नाही, गोंडोलिनच्या तलवारींचा गुण आहे असं धरलं तरच हे जुळतं, आणि एओल काही गोंडोलिनचा लोहार नव्हता, त्याची भट्टी वेगळ्याच जंगलात. हे माझं जुळवणं आहे, प्रोफेसरांनी असं कुठे सांगितलेलं नाही. त्यांनी तूरिनची गोष्ट एका वहीत लिहिली होती आणि चमकणारी तलवार मुलांच्या गोष्टीत, दोघी एका घरात राहायला आल्यावर भांडी लागणारच.

'जादूची तलवार' या शब्दाचंही असंच आहे. मराठीत मंतरलेली म्हटलं की आधी साधी तलवार होती आणि मग कुणीतरी वरून मंत्र टाकला असं होतं. एल्फ लोकांच्या बाबतीत हे चालत नाही, त्यांच्यात हे सगळं घडवण्याच्या कामाचाच भाग आहे, आणि हॉबिट लोक याला जादू म्हणतात तेव्हा एल्फ राणी गॅलाड्रिएल सरळ म्हणते की यांना नक्की काय म्हणायचंय ते मला कळत नाही.

शिवाय जी सगळ्यात फेमस 'एल्फ तलवार' म्हणून खपते, ती आरागॉर्नची अंदुरिल, ती मुळात नारसिल, आणि नारसिल घडवली तेलखार या बुटक्यांच्या लोहाराने. एल्फांनी रिव्हेंडेलमध्ये नुसते तुकडे जोडून दिले. तिच्यात सूर्यचंद्राचा उजेड होता असं वर्णन आहे पण ऑर्क आले म्हणून ती कधी निळी झाल्याचं वाचलेलं नाही. आणि एलरॉन्डच्या मुलीची, आर्वेनची, हाडाफांग तलवार तर पुस्तकात नाहीच, ती २००१ च्या सिनेमाची देणगी.

प्रोफेसरांनी १९६० च्या सुमारास हॉबिट पुन्हा नव्या सुरात लिहायला घेतलं होतं, ते अर्ध्यातच सोडलं. त्यामुळे राजा मारल्याच्या आनंदात उजळणारी ग्लॅमड्रिंग १९३७ ची आहे तशीच राहिली. गोंडोलिनची ती जुनी गोष्ट १९८४ मध्ये पहिल्यांदा छापून आली आणि २०१८ मध्ये तिचं स्वतंत्र पुस्तक झालं. घेऊन बघा. राजा मुकुट फेकून देतो, मनोऱ्यावर चढून उभा राहतो आणि मनोऱ्यासकट खाली जातो. १९१७ च्या त्या गोष्टीत ग्लॅमड्रिंग हे नाव कुठेच नाही.