गो : डावाचा शेवट आणि गुणमोजणी

गो या पटावरील खेळात बुद्धिबळातल्या शहमातीसारखा ठरलेला शेवट नसतो. 19 आडव्या व 19 उभ्या रेघांच्या 361 छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून मुलूख वेढायचा असतो. आता खेळून काही मिळण्यासारखे नाही असे वाटले की खेळाडू ‘पास’ म्हणतो. लागोपाठ दोघेही पास म्हणाले, की डाव थांबतो आणि मोजणी सुरू होते.

जपान व कोरियात मुलूख मोजतात. वेढलेल्या प्रत्येक रिकाम्या बिंदूला 1 गुण आणि पकडलेल्या प्रत्येक सोंगटीला 1 गुण. पकडलेल्या सोंगट्या ज्या रंगाच्या, त्याच रंगाच्या मुलखात भरतात आणि उरलेली जागा दहा-दहाच्या चौकोनांत रचून घेतात. मग बेरीज नजरेनेच होते. चीनमध्ये रिकाम्या बिंदूंबरोबर पटावरच्या जिवंत, म्हणजे आता पकडता न येणाऱ्या सोंगट्याही धरतात, पकडलेल्या धरत नाहीत.

तरीही दोन्हीकडे निकाल बहुधा एकच लागतो. दोघांनी जवळपास सारख्याच सोंगट्या खेळलेल्या असतात, त्यामुळे त्या मोजल्या काय नि न मोजल्या काय, अंतर तेवढेच राहते. बदललेच तर साधारणपणे एका गुणाने. खरा फरक वादाच्या वेळी जाणवतो. समोरच्याने पास म्हटल्यावर आपल्याच मुलखात सोंगटी ठेवली, तर जपानी पद्धतीत 1 गुण जातो, चिनी पद्धतीत काहीच जात नाही. म्हणून एखादा गट मेला की जगला हे चिनी पद्धतीत सरळ खेळून ठरवता येते. नवशिक्याला हीच पद्धत आधी शिकवावी.

काळा पहिली चाल खेळतो, त्याची भरपाई म्हणून पांढऱ्याला ‘कोमी’ मिळते : जपान-कोरियात 6.5, चीनमध्ये 7.5 गुण. अर्ध्या गुणामुळे बरोबरी टळते. 2017 मध्ये चीनमधल्या वूझेन येथे अल्फागो या संगणक-प्रणालीने चिनी खेळाडू क जिए याच्याविरुद्धचा पहिला डाव अर्ध्याच गुणाने जिंकला.

इतक्या थोडक्या अंतराचे डाव ‘योसे’त, म्हणजे सीमा पक्क्या करण्याच्या टप्प्यात फिरतात. समजा, एका जागी काळा खेळला तर त्याचे 3 गुण वाढतात आणि पांढरा खेळला तर पांढऱ्याचे 2. ती चाल 5 गुणांची. पण नुसता आकडा पुरत नाही. जिला उत्तर द्यावेच लागते ती चाल ‘सेंते’. ती खेळूनही पुढची पाळी आपलीच राहते. दोघांनाही सेंते असलेली जागा कधी सोडू नये. दुसऱ्या रेघेवरून कडेच्या रेघेवर घेतलेली लांब उडी, ‘सारुसुबेरी’ म्हणजे माकडाची घसरण, दिसायला किरकोळ, पण सुमारे 8 गुणांची असते.

शेवटी उरतात ‘दामे’, कोणाच्याच मुलखात नसलेले बिंदू. जपानी पद्धतीत त्यांना गुण नाही, चिनीत प्रत्येकी 1 आहे. ते भरताना सोंगट्यांच्या मोकळ्या वाटा, म्हणजे त्यांना लागून असलेले रिकामे बिंदू, एकेक करून बुजतात; सगळ्या वाटा बुजल्या की सोंगट्या पकडल्या जातात. मघापर्यंत भक्कम असलेली जोडलेल्या सोंगट्यांची साखळी अचानक एकाच वाटेवर येते. तिथे आपल्याच मुलखातला 1 गुण खर्चून जोड द्यावा लागतो. तो न दिल्यास अख्खी साखळी जाते.