प्रवास ठरवण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

सोलापुरातील आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात आणि तो रास्तच आहे. परंतु खर्चाचा आकडा सांगण्यापूर्वी आम्हाला आपल्यालाच बरेच काही विचारावे लागते. घरातून कोण कोण निघणार आहे, त्यांपैकी कोणाला जिने चढवत नाहीत, कोणाला गाडी लागते, कोणाचा कोणत्या वारी उपवास असतो, मुलांच्या परीक्षा कधी संपतात आणि दुकान किंवा कारखाना किती दिवस दुसऱ्यावर सोपवता येतो, असे हे प्रश्न असतात. काहींना ही नसती चौकशी वाटते. हे प्रश्न का विचारले जातात, प्रवास सल्लागाराचे काम कसे चालते आणि कोणती माहिती आधी मिळाली तर आपला प्रवास सुखाचा होतो, हे सांगण्यासाठी हे माहितीपत्रक काढले आहे. सहल आधी माणसांवरून ठरते आणि ठिकाण त्यानंतर येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शहराच्या पूर्व भागातील एका विणकर कुटुंबाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. दोन भाऊ, त्यांच्या पत्नी, मुले आणि आई असे सर्वजण मे महिन्यात केदारनाथला जायचे ठरवूनच आले होते. मुक्काम, जेवण आणि हेलिकॉप्टरची बोलणी चालली असताना आई भिंतीकडच्या खुर्चीवर दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसल्या होत्या. केदारनाथचे मंदिर ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि गौरीकुंडापासूनची चढण सुमारे १६ किलोमीटरची आहे, हे सांगून झाल्यावर आम्ही त्यांनाच विचारले, "मावशी, तुमच्या मनात कुठं जायचं आहे?" त्या म्हणाल्या, "मला एकदा श्रीशैलला न्या. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की दरवर्षी वाटतं, आपले सिद्धराम मल्लय्याला शोधत जिथं गेले, ती जागा डोळ्यांनी बघावी." त्यांनी ही इच्छा घरात कधी बोलून दाखवली नव्हती आणि त्यांच्या मुलांनाही ती त्या दिवशी प्रथमच कळली. कुटुंब श्रीशैलला गेले आणि केदारनाथ भावाभावांनी पुढे कधी तरी करावे, असे ठरले.

श्रीशैल ठरल्यानंतर खरे काम सुरू झाले. मल्लिकार्जुनाचे, म्हणजेच मल्लय्याचे, हे ज्योतिर्लिंग आंध्र प्रदेशातील नल्लमला डोंगररांगेत आहे आणि तेथपर्यंत रेल्वे जात नाही. हैदराबादकडून जाणारा रस्ता अमराबाद व्याघ्र प्रकल्पातून जात असल्यामुळे रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत तो वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो. त्यामुळे "जेवण करून निघू, रात्रीपर्यंत पोहोचू" हा आपला नेहमीचा हिशेब तेथे लागू पडत नाही. एक तर सोलापूर पहाटे सोडावे लागते, नाही तर हैदराबादला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजेडात घाट चढावा लागतो, आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर आम्ही हैदराबादच्या मुक्कामाचाच पर्याय सुचवतो. मोबाइलवरील नकाशात अंतर दिसते, परंतु जंगलातील फाटक किती वाजता बंद होते, मंदिराजवळच्या निवासाला लिफ्ट आहे की नाही आणि तेथे गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, हे दिसतेच असे नाही. त्यासाठी आम्ही एक नोंदवही ठेवतो. सहलीहून परतलेल्या प्रत्येक ग्राहकाशी आम्ही बोलतो आणि "खोली दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद", "सकाळी सातनंतरच चहा", "कांदा-लसणाशिवाय जेवण सांगितल्यास मिळते" अशा बारीकसारीक गोष्टी तिच्यात लिहून ठेवतो. आमच्या कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू हीच वही आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

रेल्वेच्या तिकिटांविषयी

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अनेकांच्या मनात अजून तोच हिशेब असतो. दिवाळीच्या सुट्टीतील तिकिटे साधारणपणे गणेशोत्सवाच्या सुमारास खुली होतात आणि मे महिन्यातील तिकिटे मार्चमध्ये, म्हणजे शाळांच्या परीक्षा सुरू असतानाच खुली होतात. त्या दिवसांत सहलीचा विषय घरात निघत नाही आणि नंतर वेटिंग लिस्ट वाढत जाते. ऑनलाइन काढलेले तिकीट आरक्षणाचा तक्ता (चार्ट) तयार झाल्यावरही पूर्णपणे वेटिंगवर राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर प्रवास करता येत नाही. आरएसी, म्हणजे पूर्ण बर्थऐवजी बसण्यापुरती जागा मिळालेले तिकीट असल्यास मात्र गाडीत बसता येते.

सोलापूरकरांनी तारखेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या स्थानकावरून अनेक लांब पल्ल्याच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास जातात. रात्री साडेबाराची गाडी १५ तारखेची असेल, तर आपल्याला घरातून १४ तारखेच्या रात्री निघायचे असते. हे वाक्य आम्ही तिकीट हातात देताना तोंडीही सांगतो आणि तिकिटावर पेनाने लिहूनही देतो. तत्काळ तिकिटाचा दिवस तर गाडी मूळ स्थानकातून ज्या तारखेला सुटते, तिच्यावरून मोजला जातो. त्या तारखेच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गाचे तत्काळ सकाळी १० वाजता आणि स्लीपरचे ११ वाजता सुरू होते. जुलै २०२५ पासून पहिल्या अर्ध्या तासात अधिकृत एजंटांना तत्काळ तिकीट काढण्याची परवानगी नाही; त्या वेळेत ऑनलाइन तिकीट प्रवाशाने आधारशी जोडलेल्या स्वतःच्या आयआरसीटीसी खात्यावरूनच काढावयाचे असते. म्हणून तत्काळची वेळ आली, तर ते आपण घरीच काढावे, असा आमचा सल्ला असतो, मग त्यात आमचे काम एका तिकिटाने कमी झाले तरी चालेल. खाते उघडणे, आधार जोडणे आणि प्रवाशांची यादी आधी भरून ठेवणे यासाठी आम्ही आनंदाने मदत करतो.

४५ वर्षांवरील महिला आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना खालचा बर्थ देण्यासाठी रेल्वेत वेगळा कोटा आहे. वय चुकीचे सांगितल्यास ही सवलत हातची जाते, म्हणून वय अंदाजाने न सांगता ओळखपत्र पाहूनच लिहून द्यावे.

गाडी आणि चालक

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आणि गाणगापूर या फेऱ्यांसाठी आमच्याकडे सर्वाधिक गाड्या मागितल्या जातात. भाड्याची गाडी नेहमी पिवळ्या नंबरप्लेटची असावी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी थोडी स्वस्त पडते, परंतु तिला भाड्याने चालण्याची परवानगी नसते आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. गाणगापूर कर्नाटकात असल्यामुळे परमिटची कागदपत्रेही गाडीत असावी लागतात. रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकाला सकाळी पुन्हा दर्शनाच्या फेरीला पाठवण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही, मग ग्राहक कितीही जुने असोत. चालकाची झोप ही आपल्या सहलीतील सर्वांत स्वस्त सुरक्षा आहे.

सहलीची कल्पना कोठून सुचते

अनेकजण आम्हाला सांगतात की त्यांना फिरण्याची हौस आहे, पण सुट्टी नाही. अशा ग्राहकांना आम्ही आधी दूरचे काही दाखवत नाही. मुलाच्या पुस्तकातील गोल घुमटाचे चित्र, अक्कलकोटला जाताना दिसलेला राजवाडा, आजोबांनी सांगितलेली मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट, एवढेही एका दिवसाच्या प्रवासाला पुरेसे निमित्त असते, आणि अशा छोट्या प्रवासातच घरातील माणसांना एकमेकांच्या आवडी कळतात. कोण उन्हात चिडते, कोण दगडावरची अक्षरे वाचत मागे रेंगाळते आणि कोणाला फक्त वाटेतल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीत रस आहे, हे कळलेल्या कुटुंबाची पुढची मोठी सहल आम्हाला फार नीट आखता येते.

हत्तरसंग कुडलचे नाव आम्ही सर्वांत आधी घेतो. सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर भीमा आणि सीना यांच्या संगमावर हे ठिकाण आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे आणि जवळच्या हरिहरेश्वर मंदिराच्या आवारात ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग आहे. हजार वर्षांपूर्वीची मराठी अक्षरे आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असताना ती एकदाही न पाहता राहावे, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते. सकाळी लवकर जावे, पाण्याची बाटली आणि डबा सोबत घ्यावा, लेख वाचण्यासाठी हातात लहान बॅटरी असावी आणि संगमावर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये.

नळदुर्गचा किल्ला हैदराबाद रस्त्यावर सुमारे ५० किलोमीटरवर आहे. बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि वरून नर व मादी या सांडव्यांतून पाणी कोसळत असताना आतल्या सज्जात उभे राहता येते. मात्र हे दृश्य पाऊस चांगला झाला तरच दिसते, त्यामुळे आम्ही त्याची तारीख आधी देत नाही. पाणी सुटल्याचे कळताच इच्छुक ग्राहकांना फोन करतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्याबाबतही आम्ही हमी देत नाही. तेथे काळवीट बहुधा दिसतात, माळढोकाचे दर्शन मात्र अतिशय दुर्मिळ झाले आहे, आणि हे आधीच ठाऊक असलेला माणूस तेथील गवताळ माळाचा आनंद अधिक घेतो.

ज्यांच्याकडे दोन दिवस आहेत, त्यांनी होटगीवरून गदगकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाचा विचार करावा. विजयपूर, बागलकोट आणि बदामी ही तिन्ही स्थानके याच मार्गावर आहेत. पहिल्या दिवशी विजयपूरला उतरून गोल घुमट पाहावा, तोही सकाळीच, कारण वरच्या सज्जातील प्रतिध्वनी गर्दी नसतानाच नीट ऐकू येतो. आणि दुसऱ्या दिवशी बदामीची लेणी पाहून शक्य झाल्यास पट्टदकलला जावे, ज्याला १९८७ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावा. मार्चनंतर दुपारचे दगडी किल्ले आणि लेणी आम्ही कोणालाही सुचवत नाही, कारण आपल्याकडील ऊन आपल्याला ठाऊकच आहे.

परदेशी प्रवासाबाबत थोडेसे

तिकीट ठरवण्यापूर्वी पासपोर्ट काढून त्यावरील मुदत पाहावी, कारण अनेक देशांना प्रवासाच्या वेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. सोलापूर जिल्हा पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. विमानाने नेपाळला जाण्यासाठी १५ ते ६५ वर्षे वयाच्या प्रवाशांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते आणि त्यांचे केवळ आधार कार्ड तेथे चालत नाही, ही गोष्ट आम्ही काठमांडूच्या प्रत्येक ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगतो. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून गोळा केला जाणारा कर, आकारला जातो. तो आपल्या पॅन क्रमांकावर जमा होत असल्यामुळे आयकर विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब घेता येतो.

दर आणि रद्द करण्याविषयी

आम्ही दर नेहमी लेखी देतो. त्यात टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता, परमिट, नाश्ता आणि जीएसटी यांपैकी काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. दुसरीकडे कमी दर मिळाल्यास तो अवश्य तपासावा, मात्र हीच यादी समोर ठेवून तपासावा. हॉटेलच्या खोल्या बहुधा दुपारी मिळतात; गाडी पहाटे पाचला पोहोचत असेल, तर लवकर खोली मिळण्याचे पैसे वेगळे पडतात आणि लहान मुले असल्यास ते द्यावेत, असे आमचे मत आहे. तिकीट, हॉटेल आणि गाडी यांच्या रद्द करण्याच्या अटी वेगवेगळ्या असतात आणि उशीर होईल तशी कपात वाढते, त्यामुळे घरात अडचण येण्याची नुसती शंका असली, तरी आम्हाला त्याच दिवशी कळवावे.

प्रथम भेटीला येताना प्रवाशांची ओळखपत्रे, चालू औषधांची यादी आणि सुट्टीच्या दोन पर्यायी तारखा आणाव्यात. शक्य असल्यास घरातील ज्येष्ठांनाही सोबत आणावे. कार्यालय तळमजल्यावर आहे आणि आत येण्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.