पार्श्वभूमी : ‘दुसऱ्या फळीचे’ शहर आणि चॅटनूगा

अधिवेशनासाठी जागा शोधणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सेकंड टिअर सिटी’ हा शब्द सर्रास येतो. म्हणजे दुसऱ्या फळीचे शहर. ही फळी कोणी आखली आणि कशावरून, याला एकच एक उत्तर नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत तर या शब्दाने चांगलाच घोळ घातला आहे. लोकसंख्या धरावी, तर २०२०च्या जनगणनेत अटलांटा शहराची हद्दीतली वस्ती पाच लाखांच्या आतच भरते. पण तिथले प्रदर्शन-संकुल देशातल्या सर्वांत मोठ्या संकुलांपैकी एक. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलने १९६३ मध्ये आणि केंटकीतल्या लुइव्हिलने २००३ मध्ये शहर आणि काउंटी (म्हणजे जिल्हा) यांचा कारभार एक केला. लुइव्हिल त्या दिवशी कागदावर दुपटीहून मोठे झाले, हॉटेलांच्या खोल्या मात्र आदल्या रात्री होत्या तेवढ्याच राहिल्या. टेनेसीतल्या चॅटनूगाची हद्दीतली वस्ती १ लाख ८१ हजार, महानगर परिसर धरला तर साडेपाच लाखांवर. पर्यटनाचे माहितीपत्रक एक आकडा छापते, अधिवेशन मिळवण्यासाठीचा प्रस्ताव दुसरा.

व्यवहारात फळी ठरते ती ‘पीक नाइट’वरून, म्हणजे ज्या रात्री सर्वाधिक खोल्या लागतात त्या रात्रीवरून. समजा, १५०० नोंदणी आहे. त्यातले वीस टक्के जवळपासचे, रात्री घरी जाणारे. उरले १२००. एका खोलीत सरासरी १.६ माणसे धरली, तर पीक नाइटला ७५० खोल्या. आता कुठलेही हॉटेल आपल्या सगळ्या खोल्या एका गटाला देत नाही. नेहमीचे ग्राहक आणि चढ्या भावाचे आयत्या वेळचे गिऱ्हाईक यांच्यासाठी चौथा हिस्सा तरी ते राखून ठेवते. म्हणजे ७५० खोल्यांसाठी १००० खोल्यांची हॉटेले चालत जाण्याच्या अंतरावर हवीत. चॅटनूगात अधिवेशनाच्या सभागृहाला लागून असलेल्या हॉटेलात ३४०च्या आसपास खोल्या आहेत, जवळच्या दुसऱ्यात २००च्या आसपास. दोन्ही मिळून हाती येतात चारशे. उरलेल्या साडेतीनशे शंभर-सव्वाशे खोल्यांच्या पाच हॉटेलांत वाटाव्या लागतात. म्हणजे सात करार, सात कट-ऑफ तारखा (ज्यानंतर न भरलेल्या राखीव खोल्या हॉटेल परत घेते), सात वेगवेगळे दर. हॉलमध्ये जागा शिल्लक असते आणि बोलणी खोल्यांवर अडतात. मध्यम शहराची खरी व्याख्या हीच म्हणावी लागेल.

हॉलचे गणित त्या मानाने सरळ. प्रदर्शनातला एक बूथ १० बाय १० फुटांचा, म्हणजे १०० चौरस फूट. मधल्या वाटा, सामानाची जागा, नोंदणीची टेबले धरून ते दुप्पट करायचे. ४०० बूथना ८० हजार चौरस फूट. चॅटनूगाचा विनाखांबांचा मोठा हॉल एक लाख चौरस फुटांचा आहे, त्यात पाचशेपर्यंत बूथ बसतात. चूक होते ती दिवसांत. प्रदर्शन दोन दिवसांचे असले, तरी मांडायला दोन आणि काढायला एक दिवस लागतो, आणि त्या तीन दिवसांचे भाडे पहिल्या अंदाजपत्रकात हमखास राहून जाते.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे द्वैवार्षिक अधिवेशन २०१७ मध्ये ग्रँड रॅपिड्सला झाले. ते मिशिगनमध्ये, दक्षिणेत नव्हे. पण जात तीच, मध्यम शहराची. तिथे खोल्यांचे गणित जरा वेगळे पडते. माणसे कुटुंबासह येतात, एका खोलीत तीन-चार जण राहतात, त्यामुळे खोल्या कमी आणि पंगती मोठ्या. दहा जणांच्या गोल टेबलांना माणशी बारा चौरस फूट धरले, तरी स्टेज आणि वाढपाच्या रांगा वेगळ्या धराव्या लागतात. शिवाय बहुतेक सभागृहांत खानपानाचा ठेका एकाच कंत्राटदाराकडे असतो. बाहेरून आचारी आणायचा, तर तशी मुभा करारातच लिहून घ्यावी लागते. सही झाल्यावर मागितली, तर माणशी आकार भरून मिळते, नाहीतर मिळतच नाही.

चॅटनूगाकडे पाहुणे येऊ लागले ते अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. १८६३च्या लढायांच्या जागी १८९० मध्ये देशातले पहिले लष्करी राष्ट्रीय उद्यान झाले आणि १८९५च्या सप्टेंबरात त्याच्या समर्पणाला दोन्ही बाजूंचे म्हातारे सैनिक लोटले. लुकआउट माउंटनवर चढणारी दोरखंडाची रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली. शेवटच्या टप्प्यात तिचा चढ ७२.७ टक्के. रूबी फॉल्स १९३० मध्ये आणि रॉक सिटी १९३२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. रॉक सिटीची जाहिरात शेतकऱ्यांच्या गोठ्यांच्या छपरांवर रंगवली जाई, फुकट रंगरंगोटीच्या मोबदल्यात. अशी शेकडो छपरे दक्षिणेच्या आणि मध्य-पश्चिमेच्या रस्त्यांवर दिसत.

ही ठिकाणे मोटारीने येणाऱ्या कुटुंबासाठी आखलेली, चारशे प्रतिनिधींसाठी नव्हेत. दोरखंडाच्या रेल्वेच्या एका डब्यात जेमतेम चाळीसेक माणसे मावतात. चारशेंचा गट वर न्यायचा तर दहा फेऱ्या. पहिला गट वर पोचून कंटाळतो तरी शेवटचा खाली तिकिटाच्या रांगेतच. रूबी फॉल्सला लिफ्टने २६० फूट खाली उतरून अरुंद भुयारातून छोट्या गटांनी जावे लागते. सहली चार गटांत आणि वेगवेगळ्या दुपारी पाडल्या तरच निभाव लागतो.

दक्षिणेतल्या अधिवेशनांचा इतिहास वर्णभेदाला वगळून सांगता येत नाही, तरी माहितीपत्रके तो वगळतात. १९६४ पर्यंत कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या राष्ट्रीय संघटनेला इथल्या बहुतेक शहरांत सगळ्यांना एका छताखाली उतरवणे अशक्य होते. हॉटेलांत वर्णावरून पाहुणे नाकारायला बंदी घालणाऱ्या त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला पहिले मोठे आव्हान दिले ते अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलने. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. त्याचे सुमारे ७५ टक्के पाहुणे राज्याबाहेरचे होते आणि ते बाहेरच्या राज्यांतल्या अधिवेशनांचा धंदा घेत होते, म्हणून तो आंतरराज्य व्यापार ठरला. अधिवेशनाची खोली हा थेट घटनात्मक मुद्दा झाला तो असा.

चॅटनूगाला त्यानंतर दुसरीच अडचण आली. १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या पाहणीत हवेतल्या कणांच्या बाबतीत हे देशातले सर्वांत घाणेरडे शहर ठरले. ओतकामाचे कारखाने, चहूबाजूंनी डोंगर, धूर अडकून बसे. पुढे कारखाने बंद पडू लागले, हवा सुधारली, रोजगार गेला. १९८० च्या दशकात शहराची दहा टक्के वस्ती घटली. सभागृह १९८५ मध्ये उभे राहिले ते अशा शहरात. संध्याकाळी सहानंतर प्रतिनिधींना चालत कुठे पाठवायचे, याला तेव्हा उत्तर नव्हते.

उत्तर आले ते १ मे १९९२ रोजी, नदीकाठच्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या रूपाने. समुद्र शेकडो मैलांवर, आणि साडेचार कोटी डॉलर माशांवर! लोकांनी ‘माशांची टाकी’ म्हणून यथेच्छ टिंगल केली. खर्च देणग्यांतून झाला, म्हणून विरोध थट्टेवरच थांबला. पहिल्या वर्षीच दहा लाखांहून अधिक लोक आले. इमारतीत आधी सरकत्या जिन्याने वर जायचे आणि डोंगरातल्या झऱ्यापासून नदीच्या मुखापर्यंत पाण्याबरोबर खाली उतरायचे. रांग एकाच दिशेने सरकते, कोंडी होत नाही. त्याच वर्षी विजेवर चालणारी मोफत शटल सुरू झाली. दोन टोकांना वाहनतळ, मधे थांबे, आणि वाहनतळाच्या पैशातून शटलचा खर्च. सात हॉटेलांत विखुरलेल्या गटाला तारून नेणारी व्यवस्था हीच आहे. १९७८ मध्ये वाहनांना बंद झालेला, २,३७६ फूट लांबीचा वॉलनट स्ट्रीट पूल १९९३ मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला.

ज्यावर वाद घालता येईल असा निर्णय यानंतरचा. टेनेसीने १९९८ मध्ये कायदा केला : अधिवेशन केंद्राभोवती पर्यटन विकास क्षेत्र आखायचे आणि त्या क्षेत्रात राज्याच्या विक्रीकरात जी वाढ होईल, ती रोख्यांच्या फेडीला लावायची. चॅटनूगाने त्यावर १२ कोटी डॉलरहून अधिक कर्ज उभे करून सभागृह वाढवले, वाहनतळ बांधले आणि शहराच्याच मालकीचे सुमारे २०० खोल्यांचे परिषद-हॉटेल उभारले. खासगी हॉटेलवाल्यांचा अशा योजनांवरचा आक्षेप ठरलेला असतो : आमच्याच धंद्यातून आलेल्या करावर आमचाच स्पर्धक पोसला जातो. त्यात तथ्य आहे. पण अडचण दुसरीकडे होती. वर केलेल्या हिशेबात या हॉटेलाने पीक नाइटला दीडशे खोल्यांची भर घातली. म्हणजे आठ करार करावे लागले असते, ते सात झाले. शिवाय त्यात स्वतःचे परिषद-दालन होते, म्हणजे ते दोनशे-तीनशे माणसांच्या बैठका सभागृहाकडून ओढून घेणार. मोठ्या सभागृहाला पूरक व्हायचे, तर पाचशे साध्या खोल्या हव्या होत्या. हॉटेल २००१च्या वसंतात उघडले आणि त्याच सप्टेंबरात सगळ्या देशाचा प्रवास आटला, हे त्याचे दुर्दैव. पण खोल्यांचा आकडा दुर्दैवाने ठरला नव्हता. कालांतराने शहराने ते खासगी मालकाला विकले.

नॅशव्हिलने हाच कायदा मोठ्या मापाने वापरला. मे २०१३ मध्ये साडेतीन लाख चौरस फुटांचा हॉल आणि त्याच वर्षी समोर ८०० खोल्यांचे हॉटेल, तेही सरकारी मदतीने. त्यानंतर नॅशव्हिलला दुसऱ्या फळीचे म्हणणे कठीण झाले. चॅटनूगाने हॉटेलांचा नाद त्याआधीच सोडून २००५ मध्ये १२ कोटी डॉलरचा नदीकाठ विकास पुरा केला, त्यात मत्स्यालयाची सागरी जीवांची दुसरी इमारत आली. शहराचा वाटा हॉटेल-करातून गेला.

अलीकडच्या वर्षांत निवडीत राज्यांचे कायदेही आडवे येऊ लागले. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून टेनेसीसह काही राज्यांत सरकारी खर्चाने प्रवास करायला बंदी घातली. ती २०२३ मध्ये उठली. मधल्या काळात विद्यापीठांशी जोडलेल्या संघटनांना दक्षिणेतली शहरे सुचवण्याआधी आपले किती सदस्य येऊच शकणार नाहीत, हे मोजावे लागत होते.

करारातले ॲट्रिशनचे कलम, म्हणजे राखलेल्या खोल्यांचा ठरलेला हिस्सा भरला नाही तर भरपाई द्यायची अट, मध्यम शहरात जास्त बोचते, कारण ते प्रत्येक हॉटेलात स्वतंत्र लागू होते. समजा एकूण २००० खोली-रात्री (एक खोली एक रात्र) राखल्या, दर १५० डॉलर, हमी ८० टक्के. भरल्या १४००, म्हणजे हमीपेक्षा २०० कमी आणि ३० हजार डॉलर भुर्दंड. पण एकूण हमी भरली, तरी सातपैकी दोन हॉटेले रिकामी राहिली, तर त्या दोघांचे बिल येतेच. सर्व हॉटेलांचा हिशेब एकत्र धरावा, अशी अट सुरुवातीलाच घालून घेतलेली बरी.

आणि घड्याळ. चॅटनूगा पूर्वेच्या वेळेवर चालते, नॅशव्हिल मध्य वेळेवर, म्हणजे तासभर मागे. सीमा शहराच्या पश्चिमेला लागूनच आहे. नॅशव्हिलहून सकाळी सहाला निघालेली बस सव्वादोन तासांनी पोचते, तेव्हा इथे सव्वानऊ वाजलेले असतात आणि नऊचे उद्घाटन सुरू झालेले असते.